दोन कळांच्या मध्ये

सेकंदकाटा असलेलं घड्याळ समोर घ्या. फोनमधलं चालेल. पाठ टेकून बसा, पावलं जमिनीला लागू द्या आणि पूर्ण एक मिनिट त्या काट्याकडे बघत राहा. काही आठवायचं नाही, मनात काही म्हणायचं नाही. साठ सेकंद होऊ द्या, मग पुढे वाचा.

ते मिनिट वाटलं त्यापेक्षा लांबलं असेल. ऐन भरातली बाळंतकळ साधारण एवढीच असते. पाऊण मिनिट, एक मिनिट, शेवटाकडे जरा जास्त. ती चढत जाते, माथ्यावर काही क्षण थांबते आणि उतरते. पुढची येईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. १० मिनिटांत तीन कळा धरल्या, तर त्यातली तीन मिनिटं कळेची आणि सात बिनकळेची. बाळंतपणाबद्दल आपण जे ऐकत आलो, सिनेमात पाहत आलो, त्यात ही सात मिनिटं येतच नाहीत. पडद्यावरची बाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत किंचाळत असते. खऱ्या खोलीत ती मधेच पाणी मागते, केस घट्ट बांधून दे म्हणते, थोरला जेवला का ते विचारते, कधी दोन मिनिटांची डुलकीसुद्धा काढते.

या मजकुराची चालही तशीच ठेवू या. थोडा वेळ कळेपाशी, थोडा वेळ मधल्या जागेत. जिथे थांबायला सांगितलं असेल तिथे खरोखर थांबा. तुम्ही आई असाल, व्हायच्या असाल, कधीच होणार नसाल, पुरुष असाल, तरी बसायला जागा आहे. फक्त एक सांगते. स्वतःच्या बाळंतपणाची आठवण जिला अजून सोसत नाही, तिने डोळे मिटू नयेत. उजेडात बसून वाचावं, आणि नको वाटेल तिथे खाली ठेवून द्यावं.

*

आता एक हात पाठीमागे न्या. कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, एक रुंद त्रिकोणी हाड लागतं. तिथे तळहात टेकवा. हाताची ऊब तिथे पोहोचेपर्यंत थांबा.

कळ उठते गर्भाशयात, पण कित्येकींना ती इथेच जाणवते. गर्भाशयाकडून आणि त्याच्या तोंडाकडून येणाऱ्या नसा मज्जारज्जूत ज्या पातळीवर शिरतात, त्याच पातळीवर कंबर आणि ओटीपोटाच्या त्वचेकडून येणाऱ्या नसाही शिरतात. मेंदूला दोन्हीकडचा निरोप एकाच वाटेने मिळतो, आणि बाई म्हणते, कंबर तुटायला लागली. तिचं खरंच असतं. पहिल्या टप्प्यात गर्भाशयाचं तोंड पातळ होत जातं आणि १० सेंटिमीटरपर्यंत उघडतं. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या एकमेकांना टेकवून गोल करून बघा. जवळपास तेवढं. हे उघडणं वरून खाली ओढल्यामुळे होतं. प्रत्येक कळेत गर्भाशयाचे स्नायू आखडतात आणि कळ ओसरल्यावर सैल पडतात, पण पहिल्याइतके लांब होत नाहीत. कळेगणिक थोडं थोडं काम पुढे सरकतं आणि केलेलं काम मागे जात नाही.

दुसऱ्या टप्प्यातलं दुखणं वेगळं. तिथे ताण, जळजळ, फाकल्याची भावना असते, आणि त्याचा निरोप माकडहाडाच्या जवळच्या नसा नेतात. कित्येक जणी सांगतात की जोर लावायचा हा टप्पा त्यांना वाट बघण्यापेक्षा बरा वाटला, कारण करायला काहीतरी होतं.

मधल्या मिनिटांकडे पुन्हा या. कळ आली की वारेकडे जाणारं रक्त कमी होतं आणि उतरली की पुन्हा वाहू लागतं. म्हणजे ती सात मिनिटं आईच्या विसाव्याची असतात तशी बाळालाही हवी असतात. कळांसाठी सलाइन लावलं की कळा जोरदार होतात आणि जवळजवळ येतात. कधी त्याची खरीच गरज असते. पण त्याने मधली जागा आकसते, आणि सलाइन लागल्यावर सोसवेनासं झालं असं सांगणारी बाई नाजूक असते म्हणून तसं सांगत नाही. तिची विश्रांती कमी झालेली असते. 'तासाला एक सेंटिमीटर' या जुन्या मापाने घाई करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ सालची मार्गदर्शिका सांगते. पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरही पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत लागणं तिच्या मते स्वाभाविक आहे.

हात अजून पाठीवर असेल तर तसाच राहू द्या. दोन सावकाश श्वास.

*

तुमच्या आयुष्यातलं एखादं शारीरिक दुखणं आठवा, जे दुसऱ्या कुणीतरी 'एवढंसं' म्हटलं होतं. दाढेचं असेल, पाळीचं असेल, मुतखड्याचं असेल. त्या माणसाचा चेहरा आठवा. तुम्ही पुढे समजावत बसलात का, की गप्प झालात?

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली दुखणं मोजायची एक प्रश्नावली तयार केली. माणसं दुखण्यासाठी जे शब्द वापरतात तेच त्यांनी गोळा केले. ठणकतं, भोसकतं, जळतं, पिळवटतं, भीती घालतं, थकवतं. पुढे बाळंतपणातल्या बायकांना त्यांनी हेच विचारलं, तेव्हा बाळंतकळांचे आकडे बहुतेक दुखण्यांच्या वर निघाले. पहिलटकरणींचे जास्त, आधी बाळंत झालेल्यांचे कमी. पण मला त्या कामातलं मोलाचं वाटतं ते दुसरंच. बायकाबायकांत फरक फार मोठा होता. काहींचं दुखणं सौम्य होतं, काहींचं असह्य. ज्यांना पाळीत फार दुखायचं त्यांना बाळंतपणातही जास्त दुखलं होतं.

म्हणजे जाऊबाईला चार तासांत झालं आणि तिने हूं की चूं केलं नाही, यावरून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. एकाच आईच्या दोन बाळंतपणांतसुद्धा फरक असतो. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर कंबरेतली कळ जास्त छळते. बाळ कसं वळलंय, गर्भाशय कसं आखडतंय, आदल्या रात्री झोप झाली का, खोलीत कोण आहे, यातलं फारच थोडं तिच्या हातात असतं. 'सहनशक्ती' हा शब्द आपण या सगळ्याच्या जागी वापरून टाकतो आणि हिशोब तिच्या नावावर मांडतो. मला तो अन्याय वाटतो.

*

मेल्झॅक यांचं आणखी एक काम इथे आठवायला हवं. १९६५ साली त्यांनी पॅट्रिक वॉल यांच्यासोबत मांडलं की दुखण्याचा निरोप मेंदूकडे सरळ जात नाही. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाचा, दाबाचा, उबेचा निरोप त्याच वेळी तिथे पोहोचला तर ते फाटक थोडं मिटतं. मन भेदरलेलं असेल तर ते जास्त उघडतं. त्यांच्या मूळ मांडणीतले बारकावे पुढे बदलले, पण पाठ चोळली की दुखणं कमी होतं ही गोष्ट अंधश्रद्धा नव्हे, हे त्यांनी शास्त्राच्या भाषेत सांगितलं.

सुईणीला ते ठाऊक होतं. कळ चढायला लागली की ती मागून माकडहाडाच्या वर तळव्याने दाब द्यायची, गरम पाण्याने कंबर शेकायची, बाईला फिरवायची, दोर धरून उकिडवं बसवायची. कळ उतरली की हात काढायची. हात कधी ठेवायचा याइतकंच तो कधी उचलायचा हेही तिला कळायचं. तिच्याकडे नसलेल्या गोष्टीही खूप होत्या. रक्तस्राव थांबवायचं औषध नव्हतं, अडलेल्या बाईला वाचवायची वाट नव्हती, नाळ कापायच्या हत्याराने जंतुसंसर्ग होऊन बाळं दगावत. तो काळ परत यावा असं कुणीही म्हणू नये. कल्याणच्या आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते १० दिवसांत गेलं. त्या पुढे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयासाठी त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधी, त्या गेल्या. ज्या खोलीत आपलं मूल जगलं नाही, त्या खोलीकडे त्यांनी अभ्यासाची नजर वळवली, याचा विचार मी अनेकदा करते.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली १०० पैकी जवळपास ८९ बाळंतपणं संस्थेत झालेली दिसली. जीव वाचले. पण दवाखान्याच्या दारात तो पाठीवरचा हात मात्र सुटला. सासू, आई, बहीण बाहेर बाकावर, आणि ती आत लोखंडी खाटेवर, शेजारी दुसरी ओरडणारी अनोळखी बाई, मधे अर्धवट पडदा. सरळ पाठीवर झोप, हलू नकोस, ओरडू नकोस. काही लेबर रूममध्ये याहून वाईट बोललं जातं. तेव्हा नाही का कळलं, आता कशाला बोंबलतेस. हे वाक्य ऐकलेल्या बायका ते नातवंडं झाल्यावरही विसरत नाहीत. कळ विसरतात, वाक्य लक्षात राहतं.

इथे जरा थांबा. हे वाक्य कुणी तुम्हाला सांगितलेलं असेल तर तिला आठवा. कुणी सांगितलं नसेल, तर ते तुमच्यापर्यंत न पोहोचण्याची कारणं काय असतील, याचा विचार करा.

बाळंतपण चालू असताना आपलं माणूस सतत जवळ असेल तर सीझर कमी होतात, औषधांची गरज कमी लागते, आणि बायकांना तो अनुभव कमी भयंकर वाटतो, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. २०१६ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सरकारी दवाखान्यांतही सोबतीण आत येऊ द्यावी अशी सूचना काढली. स्वतः बाळंतपणातून गेलेली नात्यातली बाई असावी, आणि आडोसा ठेवता येत असेल तिथे नवराही चालेल, असं तिचं म्हणणं होतं. २०१७ सालच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिगृहातली सन्मानाची वागणूक हा मोजायचा विषय झाला. कागद चांगले आहेत. खाटांमधला पडदा पूर्ण बंद होतो का, यावर पुढचं बरंच ठरतं, आणि पडदा ही काही महागडी गोष्ट नाही.

*

औषधाकडे येऊ या, पण घाईने नको.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ च्या जानेवारीत बाळंतिणीला ईथर दिलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. काहींनी बायबल काढलं: स्त्रीने वेदनेत मुलं जन्माला घालावीत असं तिथे लिहिलंय. सिम्प्सन यांनीही बायबलच उघडलं. आदमची फासळी काढताना देवाने त्याला आधी गाढ झोप आणली होती, हे त्यांनी दाखवून दिलं. डॉक्टरांचे आक्षेप वेगळे होते. दुखणं बधिर केलं तर कळा थांबतील, बाळाला इजा होईल, अशी भीती त्यांना होती, आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. मग ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म मागितला. देणारे डॉक्टर जॉन स्नो, ज्यांनी पुढच्याच वर्षी लंडनमधला कॉलरा पाण्याच्या पंपापर्यंत शोधत नेला. त्यांनी रुमालावर थोडे थोडे थेंब टाकून ५३ मिनिटं ते राणीला हुंगवलं. राणी शुद्धीवर होती. थेंब कळेसोबत दिले जात होते आणि मधे ती बोलू शकत होती. नवव्या खेपेलाही तिने तेच मागितलं.

स्नो यांची ही हळुवार रीत पुढच्या कित्येक डॉक्टरांनी सोडली. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॉर्फिन आणि स्कोपोलामीन मिळून एक पद्धत निघाली, तिला म्हणायचे 'संधिप्रकाशातली झोप'. १९१४ च्या सुमारास अमेरिकेतल्या बायकांनी ती आम्हालाही मिळावी म्हणून सभा घेतल्या, संघटना काढली. त्यांची मागणी मला आजही रास्त वाटते. दुखण्यावर बोलायचा हक्क त्या मागत होत्या. पण त्या औषधाने दुखणं फारसं जात नव्हतं, आठवण जात होती. बायका ओरडत, हातपाय आपटत, म्हणून त्यांना पट्ट्यांनी बांधत, आणि जाग आल्यावर त्यांना सांगत की तुम्हाला काही झालंच नाही. बाळाचा श्वासही मंदावायचा.

डोळे मिटून एक प्रश्न मनात धरा. उत्तर द्यायची घाई नको. दुखलं, पण आठवत नाही. म्हणजे ते दुखलं की नाही? आणि ते दुखत असताना तिथे जी होती, ती कोण होती?

मला वाटतं, त्या पद्धतीने कळ नेली नाहीच, उलट मधली सात मिनिटं नेली. ज्या मिनिटांत बाई स्वतःची असते, हो म्हणू शकते, पुरे म्हणू शकते, तेवढीच काढून घेतली. न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ साली नवजात बाळाकडे पहिल्या मिनिटाला बघायची पाच चिन्हांची रीत घालून दिली: ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद, रंग. आईला दिलेल्या भुलीचा बाळावर काय परिणाम होतो ते त्यामुळे प्रथमच नीट मोजता आलं. तुमच्या मुलाची जन्माची फाइल जपून ठेवली असेल तर तिच्यात 'अपगार' असं लिहिलेले दोन आकडे सापडतील. ते या बाईंचे.

गुंगीच्या या अतिरेकावर प्रतिक्रिया आली. इंग्लंडचे ग्रँटली डिक-रीड म्हणाले, भीतीने शरीर ताठरतं, ताठरल्याने दुखतं, दुखल्याने भीती वाढते. फर्नांड लामाझ १९५१ साली सोव्हिएत संघातली बाळंतपणं पाहून पॅरिसला परतले आणि श्वासाचे व्यायाम शिकवू लागले. आज पुण्या-मुंबईतले गर्भवतींचे वर्ग त्यांचंच नाव लावतात. श्वासाने खूप मदत होते. घाबरलेली बाई मधली मिनिटंही पुढच्या कळेच्या धास्तीत घालवते, म्हणजे तिला १० पैकी १० मिनिटं दुखतं. श्वास शिकलेली बाई ती मिनिटं परत मिळवते. पण या विचाराला एक कडू फळही लागलं. श्वास नीट घेतला तर दुखणारच नाही असं ज्यांना सांगितलं गेलं आणि तरीही दुखलं, त्यांना वाटलं की चूक आपली. आधीच दुखतंय, वर नापास.

*

आता कमरेतल्या इंजेक्शनकडे सावकाश बघू. शहरात याला 'पेनलेस' म्हणतात, कागदावर एपिड्युरल. स्पेनचे लष्करी शल्यचिकित्सक फिडेल पाजेस यांनी १९२१ साली कमरेच्या मणक्यांमधून अशी भूल देण्याची रीत प्रसिद्ध केली. ती बाळंतपणात रुळायला पुढे काही दशकं गेली.

मनात ही खोली उभी करा. ती खाटेच्या कडेला बसली आहे. पाठ बाहेरच्या बाजूला गोल केलेली, हनुवटी छातीशी, उशी पोटाशी कवटाळलेली. समोर कुणीतरी तिचे खांदे धरून उभं आहे. पाठीवर थंडगार जंतुनाशक. भूलतज्ज्ञ मागून सांगतात, कळ आली की सांगा, आम्ही थांबतो. ती सांगते. ते थांबतात. कळ उतरते. त्या मधल्या जागेत सुई जाते, तिच्यातून दोऱ्याएवढी बारीक नळी, मग सुई बाहेर येते आणि नळी पाठीला चिकटवून ठेवतात. पंधरा-वीस मिनिटांत कळेची धार जाते. पोट कडक झालेलं कळतं, दुखत नाही. पाय जड वाटतात. कित्येक जणी पुढच्या अर्ध्या तासात झोपी जातात, कारण त्या रात्रभर जाग्या असतात.

यात जे घडू शकतं ते स्वच्छ सांगायला हवं. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून सलाइन आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष. अंगाला खाज सुटते, हुडहुडी भरते, काहींना ताप येतो. लघवीची नळी लागू शकते. जोर लावायचा टप्पा लांबतो. काहींना एकाच बाजूला बधिरता येते आणि नळी सरकवावी लागते. साधारण शंभरात एकीला नंतर उठून बसल्यावर जबर डोकेदुखी होते, तिच्यावर उपाय आहे. सीझरचं प्रमाण यामुळे वाढत नाही. आणि कायमची कंबरदुखी, जिची सगळ्यात जास्त भीती घातली जाते, तीही वाढलेली दिसलेली नाही. बाळंतपणानंतर कंबर पुष्कळ जणींची दुखते, इंजेक्शन घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांचीही. नऊ महिने वाहिलेलं ओझं, सैल झालेले सांधे, आणि लगेच सुरू झालेलं उचलणं-वाकणं.

औषधं आणखीही आहेत. दंडात किंवा शिरेतून दिलेलं ट्रामाडॉल किंवा पेथिडिन धार थोडी बोथट करतं, पण गुंगी आणतं, आणि त्यानंतर लवकर जन्मलं तर बाळही सुस्त असू शकतं. ब्रिटनमध्ये बायका नायट्रस ऑक्साइड आणि प्राणवायू निम्मे-निम्मे मिसळून हुंगतात. मुखवटा तिने स्वतःच धरायचा असतो. कळेची चाहूल लागताच श्वास सुरू, उतरली की खाली ठेवायचा, जास्त झालं तर हात आपोआप गळतो. माप तिच्या हातात. आपल्याकडे हा पर्याय फार थोड्या ठिकाणी आहे. कोमट पाण्याचा शॉवर, चालणं, कुशीवर वळणं, शेक, चोळणं यांना पैसे पडत नाहीत, तरी तेही सगळीकडे करू देत नाहीत.

*

आता तीन बायका मनात आणा. एकेकीपाशी थोडं थांबा.

पहिलीने आधीच ठरवलं होतं, इंजेक्शन घ्यायचं नाही. सात सेंटिमीटरवर तिने मागितलं. तिचा निश्चय मोडला असं घरचे म्हणतील. मी म्हणेन, तिला पहिल्यांदाच पूर्ण माहिती मिळाली आणि त्यावर तिने निर्णय घेतला. सातव्या महिन्यातल्या बाईला सात सेंटिमीटर कसं असतं ते ठाऊक नसतं.

दुसरीला घ्यायचं होतं. भूलतज्ज्ञ दुसऱ्या शस्त्रक्रियेत होते, ते येईपर्यंत बाळ आलं. 'बघ, झालंच की नाही' असं तिला हसून सांगितलं गेलं. झालं, हे खरं. तिने मागितलेलं तिला मिळालं नाही, हेही खरं. दुसरं पहिल्याने पुसलं जात नाही.

तिसरीने काही घेतलं नाही, कुणी सक्ती केली नव्हती, आणि शेवटच्या कळेनंतर तिला स्वतःच्या अंगाबद्दल असं काही वाटलं जे ती आजही नीट सांगू शकत नाही. तिच्या आनंदावर संशय घेऊ नका. तिचं सोसणं हे मागासपणा नाही आणि पहिलीचं इंजेक्शन हा लाड नाही.

चौथीही आहे, तिचं नाव घ्यायला मी थोडी कचरते, कारण तिची संख्या सगळ्यात मोठी. तालुक्याच्या दवाखान्यातली. तिथे भूलतज्ज्ञ सीझरपुरते बोलावले जातात. तिला कुणी विचारलंच नाही. घेऊ का, नको घेऊ, ही दुविधा तिच्या वाट्याला आली नाही. शहरातल्या आपण 'नैसर्गिक की पेनलेस' यावर भांडतो तेव्हा ती त्या वादात कुठेच नसते. तिच्यासाठी निदान हात, पाणी, पडदा आणि नीट बोललेला शब्द आज रात्रीपासून मिळू शकतो. औषध मिळायला डॉक्टर नेमावे लागतील, आणि ते नेमा असं म्हणणारी माणसं आधी हवीत.

घड्याळाकडे बघा. पुन्हा एक मिनिट. या वेळी या चौघींपैकी जिच्यापाशी मन अडलं असेल, तिच्यासोबत राहा.

*

घरात आई, मावशी, आत्या असतील तर त्यांना त्यांच्या बाळंतपणाबद्दल विचारा. 'नॉर्मल होतं ना' असं नको. खोली कशी होती, कोण जवळ होतं, कुणी काय बोललं, असं विचारा आणि मग गप्प बसा. पहिल्यांदा त्या हसून टाळतील, विषय डिंकाच्या लाडवांवर नेतील. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला सांगतील.

आणि जवळचं कुणी सातव्या-आठव्या महिन्यात असेल तर तिच्यासोबत दवाखान्यात जा आणि विचारून घ्या. आत सोबतीला कोण येऊ शकतं? चालता-फिरता येईल का, पाणी पिता येईल का? कळांसाठी सलाइन लावण्याआधी तिला कारण सांगणार का? एपिड्युरल मिळतं का, किती खर्च, आणि रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतात? तिने नको म्हटलेलं नंतर हवं झालं, किंवा हवं म्हटलेलं नको झालं, तर चालेल ना? उत्तरं तिच्या फाइलच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, खाली आत थांबणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहा, आणि त्या माणसाला आजच घरी बोलावून कंबरेवर तळवा नेमका कुठे आणि किती दाबायचा ते तिच्याकडूनच शिकून घ्यायला सांगा.